सुटलेल्या गाडीचं वेळापत्रक

थर्मामीटर तोंडात असेपर्यंत बाईंना बोलता येत नसे आणि साहेबांना श्वास घेता येत नसे. रोज सकाळी गजर झाला की बाईंनी डोळेसुद्धा न उघडता तोंड उघडायचं, साहेबांनी त्यात थर्मामीटर सारायचा आणि हातात घड्याळ धरून पलंगाशेजारी उभं राहायचं, असा नियम होता. उठून बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कूस बदलायची नाही. अंग जरा हललं तरी शरीराचं मूळ तापमान बिघडतं, असं साहेबांनी वाचलं होतं. साहेबांनी एकदा एखादी गोष्ट वाचली की त्या गोष्टीची सुटका नसे.

"चढलं!" त्या दिवशी साहेब ओरडले. "अगं चढलं! स्पष्ट चढलंय!"

बाईंनी थर्मामीटर काढला. "हळू. भिंतीपलीकडे माणसं राहतात."

"राहू देत. आज साडेपाचला मी घरी आलेला असेन. तू शाळेत थांबू नकोस."

"आज पालकसभा आहे."

"पालकसभा!" साहेब म्हणाले. "आपण पालक व्हावं म्हणून इथे माणूस जिवाचं रान करतोय, आणि ही दुसऱ्यांच्या पालकांना भेटत बसणार!"

साहेब बस डेपोत वेळापत्रक अधिकारी होते. शहरातली कुठली गाडी कुठल्या थांब्यावर कधी पोचायची हे ते ठरवत, आणि ती तशी पोचली नाही की ड्रायव्हरला मेमो देत. गाडी उशिरा आली तरी मेमो, वेळेआधी आली तरी मेमो. वेळेआधी येणारी गाडी वेळेवर आलेल्या प्रवाशाला फसवते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि तो चुकीचा नव्हता. त्यांच्या मेमोंचा सगळ्यात मोठा मानकरी 'सावकाश' नावाने ओळखला जाणारा एक ड्रायव्हर होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई शाळेत भूमिती शिकवत. त्यांना मूल हवं होतं. किती हवं होतं हे त्या बोलून दाखवत नसत. पण वर्गात एखादी मुलगी पुसायला दिलेला फळा नाकाला खडू लावून घेत पुसायला लागली की त्या दिवशी बाई घरी येऊन बराच वेळ पर्स न काढता खुर्चीत बसून राहत. साहेबांना ते दिसे. त्यावर काय बोलावं ते सुचत नसे. म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं, म्हणजे वेळापत्रक.

आधी त्यांनी पाळीच्या चौदाव्या दिवसाचं वेळापत्रक केलं. बाईंची पाळी मुळातच लांबणारी, त्यामुळे चौदाव्या दिवशी त्यांच्या शरीरात कसलीच वर्दी नसे. रिकाम्या थांब्यावर काही महिने काढल्यावर साहेबांच्या वाचनात एक वाक्य आलं: बीज सुटलं की शरीराचं तापमान किंचित चढतं. हे वाक्य अगदी खरं आहे. पण खरं वाक्य चुकीच्या माणसाच्या हाती पडलं की काय होतं, याचं हे घर म्हणजे उत्तम उदाहरण होतं. साहेबांच्या आयुष्यात सिग्नल म्हणजे निघण्याची खूण. तापमान चढलं, सिग्नल पडला, निघा!

"पण हे आधी कळतं की नंतर?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काय आधी, काय नंतर?"

"म्हणजे ते सुटायच्या आधी तापमान चढतं, की सुटल्यावर?"

"तू तुझे त्रिकोण बघ," साहेब म्हणाले होते. "गाड्या मी बघतो."

हे वाक्य पुढे त्यांना किती महागात पडणार आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. असती, तर निदान 'त्रिकोण' तरी म्हणाले नसते.

तर सिग्नल पडला की साहेबांना लवकर घरी यावं लागे, आणि लवकर घरी यायचं तर दोन तासांची रजा लागे. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना होता. साहेब त्यात 'तातडीचं घरगुती काम' असं लिहीत. पहिल्या महिन्यात रजेच्या कारकुनाने सही केली. दुसऱ्या महिन्यात भुवई वर केली. तिसऱ्या महिन्यात अर्ज हातात धरून तो म्हणाला, "साहेब, तातडी दर महिन्याला येते का हो?"

"येते," साहेब म्हणाले.

"मग ती तातडी कसली? ती तर नियमित सेवा झाली."

त्यानंतर डेपोत बातमी पसरली की साहेब गुपचूप दुसरीकडे नोकरीच्या मुलाखती देताहेत. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि "आमच्यात काय कमी पडतंय?" असं अतिशय दुखावलेल्या आवाजात विचारलं. कमी पडतंय ते डेपोच्या अखत्यारीत येत नाही, हे त्यांना कसं सांगणार? साहेबांनी "काही नाही, सर" म्हटलं. मोठ्या साहेबांना खात्रीच पटली की नवीन जागी पगार जास्त आहे.

आता भिंतीपलीकडे.

भिंतीपलीकडे काकू आणि काका राहत. काका आयुष्यभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि निवृत्त झाल्यावर डॉक्टर झाले होते, निदान जिन्यापुरते. काकूंना त्या भिंतीतून गेले कित्येक महिने सकाळी "किती आहे?", "अजून चढत का नाही?", "चढलं!" असे आवाज येत होते. काकू विचारी बाई होत्या. त्या लगेच कुठल्या निष्कर्षावर उडी मारत नसत. आधी वाटी मागायला येत. त्या वाटी मागायला आल्या, आणि त्यांना स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवलेला आलेख दिसला. त्यावर तारखा होत्या, तापमान होतं, एक नागमोडी रेघ होती आणि जिथे रेघ वर जाई तिथे साहेबांनी लाल शाईने गोल केले होते. काकू वाटी न घेताच परत गेल्या.

"ताप आहे हो तिला," त्या काकांना म्हणाल्या. "महिनोन्‌महिने ताप आहे. येतो आणि जातो."

"येतो आणि जातो?" काका गंभीर झाले. "मग वाईट. जो ताप येतो आणि राहतो, त्याला औषध असतं."

म्हणजे ज्या दिवशी सकाळी "स्पष्ट चढलंय" असं साहेब ओरडले, त्या दिवशी भिंतीपलीकडून शेजारधर्म पूर्ण तयारीनिशी बाहेर पडला.

साहेब ठरल्याप्रमाणे साडेपाचला घरी आले. बाई पालकसभा अर्ध्यावर टाकून आल्या होत्या, त्यामुळे चिडलेल्या होत्या. साहेबांनी खिडक्यांचे पडदे ओढले, फोन बंद केला, आणि दारावरची बेल वाजली.

"उठू नका, उठू नका!" काकू सूपचं पातेलं घेऊन थेट झोपायच्या खोलीत शिरल्या. "अगं, तू आडवी हो. पडदे ओढलेत ते बरं केलं. उजेडाचा त्रास होतोच तापात."

"कसला ताप?" बाई म्हणाल्या.

"बघा!" काका म्हणाले. "रुग्णाला भानच नसतं. हे पहिलं लक्षण."

साहेबांनी तोंड उघडलं. तोंड उघडल्यावर पुढे काय म्हणायचं? हा ताप नसून आमच्या आयुष्यातली एक अतिशय मंगल घटना आहे, आणि ती घडण्यासाठी तुम्ही इथून गेलं पाहिजे, असं? साहेबांनी तोंड मिटलं. मध्यमवर्गीय माणूस आपल्या घरातल्या आजाराबद्दल तासभर बोलू शकतो, पण असल्या गोष्टीबद्दल एक शब्द काढण्यापेक्षा ताप कबूल करणं त्याला परवडतं.

"थोडासा आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खरोखरच खोलीचं तापमान चढलं.

बाईंना पांघरुणात घालण्यात आलं. काकांनी नाडी धरली आणि मान हलवली. काकूंनी कपाळावर ओला रुमाल ठेवला. एवढ्यात, पालकसभेतून बाई एकदम निघून गेल्या म्हणून काळजीने शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या. त्यांना काकूंनी दारातच सगळी हकिकत सांगितली, त्यामुळे त्या आत आल्या त्या डोळे पुसतच. त्यातली एक चित्रकला शिकवत असे. तिने साहेबांचा आलेख बघून "किती सुंदर रेषा आहे हो, आणि किती करुण!" असे उद्गार काढले. साहेब सगळ्यांसाठी चहा करत राहिले. सात वाजले, साडेसात वाजले. साहेब पुनःपुन्हा घड्याळाकडे बघत होते आणि काका ते पाहून काकूंच्या कानात म्हणत होते, "बघ, किती काळजी आहे त्याला."

"आम्ही आहोत ना," जाताना, म्हणजे जेवणाच्या वेळेला, काकू म्हणाल्या. "तुम्ही एकटे नाही."

"ते दिसतंच आहे," साहेब म्हणाले.

दार लागल्यावर बाई पांघरूण फेकून उठून बसल्या. ओला रुमाल अजून कपाळावर होता.

"अजून वेळ गेलेली नाही," साहेब आशेने म्हणाले. "दिवस संपायला..."

"तू आता एक शब्द बोलू नकोस." बाईंचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "मला थर्मामीटरचा राग येत नाही. काकूंचाही नाही. सकाळी उठल्यावर तू माझ्याकडे बघण्याआधी त्याच्याकडे बघतोस ना, त्याचा येतो. वर्ष झालं. मी काय आहे रे? थांबा आहे तुझा?"

 बाईंनी रुमाल पिळून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी वेळ घेते. तू वेळ घेऊ नकोस."

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. साहेबांनी वर्षभराचे आलेख टेबलावर पसरले. प्रत्येकावर कोपऱ्यात खुणांचा अर्थ दिला होता. डॉक्टरीणबाईंनी ते लक्ष देऊन पाहिले आणि साहेबांची छाती फुगली. आपलं काम जाणणारं कुणीतरी अखेर भेटलं, असं त्यांना वाटलं.

"फार नीट ठेवलंय," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला बीज सुटतंय, हे यातून दिसतं. चांगली गोष्ट आहे. आता मला सांगा, तुम्ही एकत्र कधी येता?"

"लाल गोलावर," साहेब अभिमानाने म्हणाले. "सिग्नल पडला की लगेच. एकदाही चुकलो नाही. कालचा दिवस सोडून."

"फक्त लाल गोलावर?"

"फक्त. इतर दिवशी आम्ही... शक्ती राखून ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा घातला. बाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर. आणि सुटलेलं बीज जेमतेम दिवसभर टिकतं. तुम्हाला खूण दिसेपर्यंत ते बहुतेक वेळा संपलेलं असतं. शुक्राणू मात्र आत चार-पाच दिवस तग धरू शकतात. म्हणून खरे दिवस असतात ते सुटण्याच्या आधीचे. त्यांनी आधी जाऊन वाट बघायची असते."

 मग बाई हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, मग टेबलाला धरून.

"म्हणजे वर्षभर," त्यांना बोलता येईना, "हा वर्षभर मला सुटलेल्या गाडीला हात दाखवायला लावतोय! वेळापत्रक अधिकारी!"

साहेब लाल झाले. त्यांच्या सबंध नोकरीत त्यांनी हजारो प्रवाशांना एकच गोष्ट बजावली होती: गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, तुम्ही आधी येऊन थांब्यावर उभं राहा. ही सूचना त्यांच्या सहीने प्रत्येक थांब्यावर लावलेली होती.

"मी विचारलं होतं," बाई डोळे पुसत डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "आधी की नंतर, असं विचारलं होतं मी. तर मला म्हणतो, तू त्रिकोण बघ."

डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर बंद करायला सांगितलं. पाळी संपल्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी, मनात येईल तेव्हा, घड्याळ न लावता, एवढंच त्यांचं वेळापत्रक होतं. "बाईंचं वय पाहता काही तपासण्याही करून घेऊ," त्या म्हणाल्या. "दोघांच्या."

"दोघांच्या?" साहेब म्हणाले. "माझ्याकडून तर एकदाही उशीर..."

"दोघांच्या," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या तपासणीचा नमुना घरी घेतला तरी चालेल, मात्र तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि वाटेत गार होता कामा नये, डबी अंगाशी धरून आणावी, अशी सूचना मिळाली. रिक्षा मिळेना. साहेबांनी डबी शर्टाच्या आत छातीशी धरली आणि थांब्यावर आले. समोरून गाडी आली. आयुष्यात पहिल्यांदाच गाडी बघून साहेबांना कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. ते चढले. ड्रायव्हरच्या जागेवर सावकाश होता.

"साहेब!" सावकाश दचकला. "तपासणी?"

"तपासणीच," साहेब म्हणाले. "चल, जरा दाब."

सावकाशने गाडी काढली. गाडी ज्या वेगाने चालली त्या वेगाने बाजारात फिरणारी माणसं चालतात. प्रवाशांपैकी एका आजोबांनी उठून साहेबांना जागा दिली. "बसा, छातीत दुखतंय ना? घट्ट धरून बसा."

"दुखत नाही."

"सुरुवातीला असंच वाटतं," आजोबा म्हणाले.

बाजाराच्या थांब्यावर गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. माणसं उतरली, चढली. सावकाशने इंजिन बंद केलं आणि हात मागे घेऊन आळस दिला.

"काय झालं?" साहेब ओरडले. "चल की!"

"वेळेआधी आलोय, साहेब. मधल्या थांब्यांवर कुणी नव्हतंच."

"म्हणून?"

"म्हणून इथे वेळ काढायची. तुमच्याच शेड्यूलला आहे. मागच्या वेळी लवकर सुटलो तर मेमो दिलात तुम्ही." सावकाशने खिशातून त्या मेमोची घडी काढून दाखवली. तो ती जवळ बाळगत असे. "तुम्ही स्वतः गाडीत बसलेले, आणि मी नियम मोडू?"

"मी सांगतोय ना, मोड!"

"लेखी द्या."

साहेबांचा एक हात शर्टात अडकलेला होता. दुसऱ्या हाताने लिहायला कागद नव्हता. मागून कुणीतरी "अहो, या माणसाची तब्येत बरी नाही, न्या की लवकर" असं म्हणालं, त्यावर सावकाश शांतपणे म्हणाला, "यांनीच केलंय हो हे वेळापत्रक." सगळ्या गाडीने साहेबांकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या माणसाला शिव्या द्यायच्या राहून गेल्या होत्या तो असा हाती लागल्यावर लोकांनी आजारपणाचा मुलाहिजा ठेवला नाही. साहेबांनी डबी धरून सगळं ऐकून घेतलं. शेवटी ठरल्या वेळेला, एक क्षणही आधी नाही, सावकाशने इंजिन चालू केलं.

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईने घड्याळ पाहिलं. "थोडक्यात वाचलात," ती म्हणाली.

रिपोर्ट चांगले आले, दोघांचेही. म्हणजे नाव ठेवायला काही जागाच उरली नाही, आणि साहेब आणखी अस्वस्थ झाले. बिघाड सापडला असता तर दुरुस्त तरी करता आला असता.

आता घरात आलेख नव्हता. थर्मामीटर बाईंनी काकूंना देऊन टाकला. ताप गेला म्हणून काकूंनी सबंध जिन्याला सांगितलं, आणि त्याचं श्रेय काकांनी नाडीला दिलं. साहेबांना हात रिकामे वाटत. सकाळी गजर नसतानाही त्यांना जाग येई, आणि दुसरं काही बघण्यासारखं नसल्यामुळे ते बाईंकडे बघत. बाई झोपेत तोंड किंचित उघडं ठेवत. जुनी सवय. साहेबांना कसंसंच वाटे. आपण एवढं वर्ष या तोंडात काच सारत होतो!

एका सकाळी बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "काय बघतोस?"

"काही नाही. तुला."

"वेळ काय झाली?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं. बाईंनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात ओढून घेतला. त्या दिवशी शाळेला आणि डेपोला, दोन्हीकडे, उशीर झाला. मेमो कुणी कुणाला दिला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाई चहाचा कप पुढे ठेवत म्हणाल्या, "एक सांगते. ओरडायचं नाही. पाळी अजून आलेली नाही."

साहेबांनी कप उचलला आणि खाली ठेवला. "किती दिवस उशीर..."

"मोजायचं नाही. माझी लांबते, तुला माहीत आहे. कदाचित काहीच नसेल. रविवारी टेस्ट करू. तोपर्यंत विषय नाही, आलेख नाही, बोटं नाहीत. तू बोटांवर दिवस मोजतोयस."

साहेबांनी हात टेबलाखाली घेतले. "तुला काय वाटतं?"

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावून त्या दारापर्यंत पोचल्या. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते, म्हणून मोजू नकोस," आणि गेल्या.

साहेब डेपोत आले. खुर्चीत बसले. उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. समोर गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि आज त्यांना त्यातली एकही वेळेवर आली की नाही ते कळत नव्हतं. तेवढ्यात दारात सावकाश येऊन उभा राहिला. पहिल्या फेरीला त्याने भरपूर उशीर केला होता. सवयीने त्याने मेमो घ्यायला हात पुढे केला.

"उशीर झाला?" साहेबांनी विचारलं.

"झाला, साहेब."

"होऊ दे," साहेब म्हणाले.  "चांगलं असतं कधी कधी. आणखी झाला तरी चालेल. बस, चहा घे."

सावकाश बसला नाही. तो पाठ न दाखवता मागे मागे सरकत बाहेर गेला, आणि रजेच्या कारकुनाला म्हणाला, "साहेबांना घरी पाठवा. काहीतरी बरळताहेत. ताप आहे बहुतेक."

"थर्मामीटर आणा रे कुणीतरी!" कारकून ओरडला.

"थर्मामीटर सोडून काहीही आणा!" आतून साहेब ओरडले.

मग त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ केली. रविवार लांब होता. आयुष्यभर त्यांनी लोकांना थांब्यावर उभं केलं होतं, पण उभं राहून करायचं काय, हे मात्र वेळापत्रकात कुठेच लिहिलं नव्हतं. साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, बोटांवर दिवस मोजू नयेत म्हणून, आणि वाट बघायला लागले.